किल्ल्यात दूरध्वनी नसतो : एका पंथचित्रपटातील उक्ती आणि प्रत्युक्ती

चित्रपटातील संस्मरणीय वाक्य कोणते, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, जे वाक्य प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना बरोबर घेऊन जातो आणि पुढे लग्नघरी, कचेरीत किंवा रिक्षाच्या रांगेत, प्रसंग असो वा नसो, वापरत राहतो, ते संस्मरणीय. मराठी भाषकाला याचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. १९८८ साली आलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’मधील धनंजय माने यांच्या निवासस्थानाविषयीची चौकशी आजही घरोघरी चालू आहे, आणि तिचे उत्तर सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती थांबण्याचे काही कारणही उरलेले नाही. मात्र चित्रपटाच्या इतिहासात एक उदाहरण याच्या नेमके उलट आहे. तेथे वाक्य प्रेक्षकाच्या घरी येत नाही. प्रेक्षकच वाक्याकडे जातो, तेही मध्यरात्री, पुन्हापुन्हा, आणि हातात भाजलेला पाव घेऊन.

हे उदाहरण म्हणजे ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५ सालचा संगीतमय चित्रपट होय. त्याला इंग्रजीत ‘कल्ट’ चित्रपट म्हणतात. ‘कल्ट’ म्हणजे पंथ, आणि पंथचित्रपट म्हणजे ज्याला प्रेक्षकांऐवजी अनुयायी असतात असा चित्रपट; सामान्य प्रेक्षक चित्रपट आवडला तर दोनदा पाहतो, अनुयायी तो आवडला की नाही हा प्रश्नच मागे टाकून शेकडो वेळा पाहतो. कथानक सांगू गेल्यास सांगणाऱ्याच्याच प्रकृतीविषयी शंका यावी असे आहे. ब्रॅड आणि जॅनेट हे नुकतेच वाङ्‌निश्चय झालेले, शिस्तशीर आणि काहीसे मठ्ठ जोडपे पावसाळी रात्री मोटारीचे चाक पंक्चर झाल्याने एका किल्लेवजा वास्तूत दूरध्वनी मागायला जाते, तेथे डॉ. फ्रँक-एन-फर्टर नावाचा, स्त्रियांची अंतर्वस्त्रे आणि उंच टाचांचे बूट घालणारा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पीळदार पुरुष घडवीत असतो. मध्यंतरी एका पाहुण्याचा खून होऊन तो रात्रीच्या जेवणात वाढला जातो. आणि अखेरीस ती संपूर्ण वास्तूच अंतराळयान असल्याचे निष्पन्न होऊन उडून जाते. दूरध्वनी शेवटपर्यंत मिळत नाही.

याचे मूळ नाटकात आहे. रिचर्ड ओब्रायन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नटाने लिहिलेले ‘द रॉकी हॉरर शो’ जून १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या माडीवर, त्रेसष्ट आसनांच्या खोलीत सुरू झाले आणि पाहता पाहता इतके गाजले की त्याला मोठमोठ्या जागा शोधाव्या लागल्या. जिम शारमन या दिग्दर्शकाने त्याचाच चित्रपट केला. टिम करी, सुझन सॅरंडन, बॅरी बॉस्टविक आणि स्वतः ओब्रायन त्यात होते. नाटक लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालले, परंतु तेच न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९७५ साली अवघ्या पंचेचाळीस प्रयोगांत आटोपले, आणि त्याच वर्षी आलेला चित्रपटही अमेरिकेत आपटला. लॉस एंजेलिसमधील एका चित्रपटगृहात मात्र गर्दी होत होती. नंतर लक्षात आले की ती गर्दी बरीचशी त्याच त्या लोकांची होती. तिकीटविक्रीच्या हिशेबात याला तोटा म्हणतात. धर्माच्या इतिहासात याला आरंभ म्हणतात.

१ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे ज्या दिवशी कोणतीही गोष्ट गंभीरपणे घेऊ नये असा संकेत आहे त्याच दिवशी, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील वेव्हर्ली चित्रपटगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. प्रारंभी लोक निमूटपणे पाहत असत. पुढे त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, पडद्यावर जॅनेट मुसळधार पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालत असताना, प्रेक्षागृहातील एका बालवाडी शिक्षकाला राहवले नाही आणि तो मोठ्याने म्हणाला, “अगं कंजूष बये, छत्री विकत घे!” (संबोधन येथे बरेच सौम्य केले आहे, बालवाडीत ते वापरले जात नसावे.) सभागृहात हशा पिकला. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा आले, त्याला दुसऱ्या कोणाचे जोडले गेले, आणि ‘कॉलबॅक’ या प्रकाराचा उगम येथे झाला असे सामान्यतः मानले जाते. कॉलबॅक म्हणजे पडद्यावरील पात्राच्या वाक्याला किंवा कृतीला प्रेक्षकाने ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दांत, मोठ्याने दिलेले उत्तर. मराठीत त्याला ‘प्रत्युक्ती’ म्हणता येईल. घरगुती भाषेत ‘उलटून बोलणे’ म्हणतात, परंतु त्याला आतापर्यंत कोणी तिकीट लावलेले नाही.

मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकालाही रंगमंचाशी बोलण्याची सवय होती, पण ‘वन्समोअर’ची मागणी आणि ही प्रत्युक्ती यांत मूलभूत फरक आहे. वन्समोअर देणारा प्रेक्षक नटाला सांगतो की, जे केलेस ते उत्तम केलेस, तेवढेच पुन्हा कर. प्रत्युक्ती देणारा प्रेक्षक सांगतो की, जे केलेस ते अपुरे आहे, थांब, उरलेले आम्ही करतो. शिवाय नट ऐकू शकतो आणि चित्रपट ऐकू शकत नाही. जो काही केल्या ऐकणार नाही त्याला आठवड्यामागून आठवडे सल्ला देत राहणे हा उद्योग बहुतेक संसारांत चालतो, पण त्यात एवढा आनंद क्वचितच असतो.

येथे एक प्रश्न उरतोच. पावसात भिजणारी नायिका हजारो चित्रपटांत आहे. मग लोकांनी हाच चित्रपट का निवडला? संवाद उत्तम होते म्हणून, असे म्हणावे तर संवादच त्याच्या आड येतात. नायक-नायिका दार ठोठावतात, कुबड असलेला नोकर दार उघडतो, नायक आपली अडचण विस्ताराने सांगून दूरध्वनी मागतो, आणि नोकर त्यांच्याकडे पाहून म्हणतो, “तुम्ही भिजला आहात.” नायिका म्हणते, “हो, पाऊस पडतोय.” नायक म्हणतो, “हो.” नोकरही म्हणतो, “हो.” नाट्यलेखनाच्या कोणत्याही शिबिरात हा संवाद तपासायला दिला तर त्याखाली लाल रेघ ओढली जाईल. परंतु पडद्यावर या प्रत्येक ‘हो’च्या आधी आणि नंतर जी शांतता पसरते, ती एवढी ऐसपैस आहे की तिच्यात एखादे बिऱ्हाड सहज राहावे. चित्रपटाची सारी संवादफेक अशीच आहे: पात्र बोलते, थांबते, भुवई उंचावते, आणि मग उरलेले बोलते. शेजारी प्रेक्षक असेल तर हे थांबणे शोभते. रिकाम्या सभागृहात ते रेंगाळणे ठरते, आणि दुपारच्या खेळाला हा चित्रपट एकट्याने पाहणाऱ्यास तो लांबलेला वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. ज्या संवादांत अक्षरालाही शिरायला जागा नसते ते लोक पाठ करतात आणि घरी नेतात. ज्यांत जागा उरते तेथे लोक स्वतःच राहायला येतात.

शीर्षकातील वाक्याची कथा अशीच आहे. मोटार बंद पडल्यावर ब्रॅड म्हणतो की, मागे आपण एक किल्ला ओलांडला ना, तेथे कदाचित दूरध्वनी असेल. वाक्य अगदी सरळ आहे, त्यात विनोद नाही, आणि ते उच्चारणाऱ्या नटाच्या मुद्रेवर शंकेची छटासुद्धा नाही. त्यावर सभागृह एका आवाजात उत्तर देते की किल्ल्यात दूरध्वनी नसतो, आणि पुढे ब्रॅडच्या बुद्धीचे मूल्यमापन करणारे एक विशेषण जोडते. या प्रत्युक्तीचे सौंदर्य तिच्या तर्कशुद्धतेत आहे; ती पात्राने कधीच न विचारलेला, पण विचारायलाच हवा होता असा प्रश्न उपस्थित करते. (किल्ला हा शब्दही येथे निरुपायाने वापरला आहे, कारण त्याने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बुरूज, पाण्याचे टाके आणि पावसाळी सहलीला आलेली मंडळी उभी राहतात. पडद्यावर दिसते ती टेम्स नदीकाठची ओक्ली कोर्ट नावाची एकोणिसाव्या शतकातील गढीवजा हवेली. १९७४ च्या हिवाळ्यात तेथे चित्रीकरण झाले तेव्हा ती पडीक होती, आत ऊब नव्हती, आणि भिजलेल्या कपड्यांत वावरून सॅरंडन यांना न्यूमोनिया झाला. आता तेथे आलिशान हॉटेल आहे, म्हणजे किल्ल्यात दूरध्वनी आला. प्रत्युक्ती मात्र कोणी दुरुस्त केलेली नाही.)

ब्रॅडला दिलेले ते विशेषण एकदाच येत नाही. चित्रपटात त्याचे नाव जेव्हा जेव्हा उच्चारले जाते तेव्हा तेव्हा सभागृह ते जोडते, आणि जॅनेटच्या नावालाही तिचे स्वतंत्र विशेषण आहे. दोन्हींचे भाषांतर या पानावर करणे शक्य नाही, केले तर पान फाडावे लागेल. सॅरंडन यांना पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्यानेही जॅनेटच्या विशेषणात काही फरक पडला नाही. अनुयायांचा नामोच्चाराचा हा नेम एका प्रसंगात पराकोटीला जातो. प्रयोगशाळेत डॉ. स्कॉट नावाचे आणखी एक पात्र अचानक अवतरते आणि पुढचा संवाद केवळ विशेषनामांचा होतो: जॅनेट, डॉ. स्कॉट, जॅनेट, ब्रॅड, रॉकी. आणि याची आवर्तने पुन्हापुन्हा होतात. क्रियापद एकही नाही. यांपैकी रॉकी हा तो प्रयोगशाळेत घडविलेला पुरुष असून त्याला गाणे येते पण बोलण्याचे एकही वाक्य संपूर्ण चित्रपटात नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची शांतता सर्वांत मोठी आणि अर्थातच सर्वांत गजबजलेली असते.

याच डॉ. स्कॉटच्या आगमनाने प्रत्युक्तीची दुसरी शाखा, म्हणजे वस्तूंनी दिलेले उत्तर, समजून घेता येते. त्याला पाहून ब्रॅड आश्चर्याने ‘ग्रेट स्कॉट!’ म्हणतो. हा इंग्रजीतील जुना, सोवळा उद्गार. आपल्याकडच्या ‘अरे देवा’च्या जवळचा. परंतु स्कॉट हे अमेरिकेत शौचालयातील कागदाच्या एका प्रसिद्ध छापाचेही नाव आहे, म्हणून त्या क्षणी सभागृहातून त्या कागदाची भेंडोळी हवेत उडतात. जेवणाच्या प्रसंगी फ्रँक पेला उंचावून अनुपस्थित मित्रांच्या नावे ‘टोस्ट’ जाहीर करतो. इंग्रजीत त्या शब्दाचा एक अर्थ शुभचिंतनाचे पेयपान आणि दुसरा भाजलेला पाव, त्यामुळे प्रेक्षकांकडून पावाच्या चकत्या येतात. पंथाचा दंडक असा की, पाव लोणी न लावलेला असावा. मराठी मुलखात टोस्ट म्हणजे चहात बुडवून खाण्याचा, बेकरीतला, विटेच्या जातकुळीतला पदार्थ असल्याने ही प्रथा इकडे रुजली नाही हे पडद्यांच्या दृष्टीने बरे झाले. पेला उंचावला जात असतो तेव्हा अनुपस्थित मित्र, म्हणजे तो मारलेला पाहुणा, ताटांत असतो. कोणी त्याचा विषय काढताच फ्रँक म्हणतो की तो विषय जरा ‘टेंडर’ आहे, आणि लगेच विचारतो, आणखी एक काप कोणाला? ‘टेंडर’ म्हणजे हळवा आणि ‘टेंडर’ म्हणजे लुसलुशीत शिजलेला. सगळ्या चित्रपटातील हे बहुधा सर्वांत घोटीव वाक्य, आणि म्हणूनच त्याच्यावर प्रेक्षकाला स्वतःची कारागिरी करायला फारसा वाव नाही. लोक त्याला हसतात, दाद देतात आणि पुढे जातात.

तांदळाबद्दल मराठी वाचकाला काही समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपट एका लग्नाने सुरू होतो, पडद्यावर वऱ्हाडी नवदाम्पत्यावर तांदूळ उधळतात आणि सभागृहातही तांदूळ उधळले जातात. ‘सावधान’ हा शब्द ऐकताच हातातल्या अक्षता टाकायच्या, तोवर शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या, आणि त्या वधूवरांऐवजी पुढच्या ओळीतल्या टकलावर पडल्या तरी धर्मकृत्य पूर्ण झाले असे मानायचे, ही शिस्त आपल्या कार्यालयांत पूर्वापार आहे. शब्द, विराम आणि क्षेपण यांचा तो नेमका हाच त्रिवेणी संगम. फरक एवढाच की, मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींना कोणी विशेषण लावीत नाही, निदान मोठ्याने तरी. आता अनेक चित्रपटगृहांनी तांदूळ आणि पाव यांना बंदी केली आहे. कारण तांदळावर माणूस घसरतो आणि पावावर उंदीर येतात. पाण्याच्या पिचकाऱ्यांवरही बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, पण जेथे नाही तेथे पावसाच्या प्रसंगी मागची मंडळी पुढच्यांना भिजवतात, पुढचे जॅनेटसारखे वर्तमानपत्र डोक्यावर धरतात, आणि थोड्या वेळाने पडद्यावरचा नोकर “तुम्ही भिजला आहात” म्हणतो तेव्हा ते विधान दोन्ही बाजूंना तंतोतंत लागू पडते.

चित्रपटात एक निवेदकही आहे. चार्ल्स ग्रे या नटाने साकारलेला हा गुन्हेशास्त्रज्ञ अधूनमधून पुस्तकांच्या कपाटांपुढे बसून घडलेली हकीकत गांभीर्याने सांगतो. आपल्या सूत्रधाराचा तो लांबचा, अधिक शिकलेला आणि अर्थातच अधिक कंटाळवाणा भाऊ. त्याचे पहिलेच वाक्य असे: आपली परवानगी असेल तर आपणांस एका विलक्षण प्रवासाला नेऊ इच्छितो. इंग्रजीत ही परवानगी वाक्याच्या मध्यावर, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये येते, आणि तेथे सभागृह ती देऊन टाकते. सभ्य माणसाने औपचारिकपणे मागितलेली परवानगी कोणी खरोखरच दिली तर त्याची जी अवस्था होते, ती या निवेदकाची पन्नास वर्षे होत आहे. त्याची मान आखूड दिसते म्हणून तिचीही चौकशी होते. ती रात्र नोव्हेंबरच्या अखेरची असल्याचे तो सांगतो. मोटारीतील रेडिओवर मात्र राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे राजीनाम्याचे भाषण लागलेले असते, जे ऑगस्ट १९७४ मध्ये झाले होते. विद्वान निवेदकाला ही विसंगती जाणवत नाही, ही गोष्ट विद्वत्तेविषयी काही सुचविते का, हा प्रश्न येथे उघडच ठेवलेला बरा.

विरामाच्या या शास्त्राचा कळस फ्रँकच्या पहिल्या प्रवेशात आहे. गाण्याच्या ओघात तो उत्कंठा या अर्थाचा पाच अक्षरावयवांचा एक इंग्रजी शब्द घेतो, तो मधोमध तोडतो, आणि उरलेला अर्धा तोंडात धरून थांबतो. टिम करी यांचा तो थांबा एवढा दीर्घ, एवढा निर्लज्ज आणि एवढा अचूक आहे की सभागृह “म्हण, म्हण!” असा आक्रोश करते, शब्दाचा अर्थ शब्द पुरा होण्याआधीच सभागृहात घडून जातो. मराठीत याचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही, पण ‘उत्कंठा’ तोडली तर ‘उत्’पाशी काहीच उमगत नाही आणि ‘उत्कं’पाशी ठसका लागल्यासारखे वाटते.

पंथ म्हटला की पाठभेद आले. मौखिक परंपरा असल्याने प्रत्येक शहराच्या प्रत्युक्ती वेगळ्या, त्यांत ताज्या राजकारणाची भर, जुन्यांची झीज. १९८३ साली न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहातील खेळाची, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह, ध्वनिमुद्रिकाच निघाली, तेव्हापासून प्रमाण पाठ आणि स्थानिक पाठ असा भेद निर्माण झाला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पुण्याच्या भांडारकर संस्थेलाही येथे हात टेकावे लागले असते, कारण महाभारताच्या पोथ्या निदान एकमेकींवर ओरडत नाहीत. पडद्यासमोर तसाच पोशाख करून संपूर्ण चित्रपट मूकपणे अभिनीत करणारे संच उभे राहिले. त्यांना ‘छाया-संच’ म्हणतात. पहिल्यांदा येणाऱ्याला कोरा मानून ओठांच्या लालीने त्याच्या कपाळावर किंवा गालावर अक्षर काढले जाते आणि त्याची चारचौघांत थट्टा होते, ज्याला दीक्षाविधी म्हणावे लागते. निष्पक्षपणे सांगायचे तर प्रत्युक्तींपैकी बहुसंख्य निव्वळ चावट आहेत, पुष्कळशा रटाळ आहेत, आणि कोऱ्या प्रेक्षकाला मूळ चित्रपटातील एकही वाक्य ऐकू न येण्याची शक्यता मोठी आहे. परंतु आरतीच्या वेळी झांजांपुढे शब्द ऐकू येत नाहीत म्हणून कोणी आरतीला जाणे सोडत नाही.

या गोंगाटाखाली एक हळवी बाजूही आहे. सत्तरच्या दशकातील अमेरिकेत ज्या तरुणांना आपला पोशाख, आपले प्रेम किंवा आपले स्त्रीत्व-पुरुषत्व घरात बोलून दाखविता येत नव्हते, त्यांना आठवड्यातून एका मध्यरात्री अशी जागा मिळाली की जेथे सर्वांत मोठ्या टाचांचे बूट घालणारा पुरुष हाच सभेचा अध्यक्ष होता. एरवी ज्यांना गप्प बसविले जाई त्यांना येथे बोलण्याची पाळी ठरवून दिलेली होती.

निर्मात्यांना याचे मर्म समजले असे वाटून १९८१ साली त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच लेखकाने, ब्रॅड आणि जॅनेट याच पात्रांना घेऊन, ‘शॉक ट्रीटमेंट’ नावाचा पुढला चित्रपट काढला. तोही मध्यरात्रीच दाखविला गेला. लोक आले, बसले, आणि काही सुचेना म्हणून घरी गेले. मूळ चित्रपट २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे सांस्कृतिक वारसा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांच्या यादीत दाखल झाला. जर्मनीत म्युनिकच्या एका चित्रपटगृहात तो १९७७ पासून चालूच आहे. २०२५ मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली. या काळात वेव्हर्ली चित्रपटगृह बंद झाले, त्याच्या जागी दुसऱ्या नावाचे उघडले, वितरक कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि जगात कुठे ना कुठे दर आठवडाअखेरीस शेकडो लोकांनी जॅनेटला तोच व्यवहार्य सल्ला एका आवाजात दिला. जॅनेटने अद्याप छत्री घेतलेली नाही.